चाक जॅकवर घेतल्याशिवाय

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली की पंचवीस नंबरचा फॉर्म भरायचा, फी आणि पर्यावरण कर भरायचा, विमा आणि पीयूसी चालू ठेवायचं, नवी नंबरप्लेट बसवायची आणि गाडी आरटीओच्या मैदानावर नेऊन दाखवायची. पास झाली की आणखी पाच वर्षं मिळतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजात माझी गाडी दुरुस्तीला असते, तिथं यंदा अशीच एक गाडी रिपासिंगच्या आधी आली. २०११ ची पांढरी मारुती ८००. गॅरेज दत्तामामांचं, गाडी त्यांच्या दाजींची, आणि ती घेऊन आली होती त्यांची भाची शर्वरी. ती पुण्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये इंजिनिअर आहे. दोघांचं बोलणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. गाडीचं वय बघायचं की अवस्था, हा वाद इतका मुद्द्याला धरून झालेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही, म्हणून तो इथं मांडतो आहे.

शर्वरी : मामा, माझं एकच म्हणणं आहे. ही गाडी आता स्क्रॅपला द्या. बाबा माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

मामा : सांगू की. पण आधी गाडीला काय झालंय ते तरी बघू. येताना आवाज ऐकलास?

शर्वरी : हो, मागून घूं-घूं येतंय. चाळीसच्या पुढं सुरू होतं, साठला वाढतं. न्यूट्रल करून बघितलं, तरी जात नाही. म्हणजे इंजिनचा नाही.

मामा : आणि वळणावर?

शर्वरी : उजवीकडं वळताना वाढतो. डावीकडं वळलं की जवळजवळ बंद.

मामा : मग मागचं डावं चाक. उजवीकडं वळलं की सगळा भार डाव्या अंगाला येतो, आणि भार आला की खराब बेअरिंग ओरडतं. टायरचा आवाज असता तर डांबरावरनं काँक्रीटवर आलीस की बदलला असता.

गाडी जॅकवर गेली, खाली घोडी लागली. मामांनी चाक वर आणि खाली असं दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवलं. खट्-खट् असा बारीक, पण स्पष्ट आवाज आला. मग त्यांनी शर्वरीला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि चाक पुन्हा हलवलं. आता आवाज नाही. ब्रेकनं ड्रम जखडला की खेळ नाहीसा होतो, याचा अर्थ तो खेळ बेअरिंगमधला आहे. ब्रेक दाबूनही राहिला असता तर दुसरीकडं शोधावं लागलं असतं. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी चाक फिरवलं आणि तिलाही हात ठेवायला लावला. स्प्रिंगमधून खरखरीत थरथर येत होती. उजव्या चाकाला ती नव्हती.

शर्वरी : हे आरटीओत कळेल?

मामा : मैदानावर गाडी जॅकवर कोण घेतंय? लाइट बघतील, हॉर्न बघतील, वायपर, टायर, ब्रेक. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट जुळवतील. एवढ्यानं पास होईल ही. आवाज करत का होईना, चालत येईल आणि चालत जाईल.

शर्वरी : म्हणूनच मी म्हणते, वयाची अट पाहिजे. तुम्हाला ती अन्याय वाटते. पण तपासणी अशी वरवरची असेल, तर सरकारच्या हातात वय सोडून दुसरं काय आहे? बेअरिंग कुणी बघणार नाही, खालचा पत्रा किती सडलाय ते कुणी बघणार नाही. मग पंधरा वर्षं झाली की बंद, हे निदान सरळ तरी आहे.

मामा : सरळ आहे गं, पण बरोबर आहे का? २०१९ च्या पुरात नव्या कोऱ्या गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या. तुझ्या नियमानं त्यांना अजून कितीतरी वर्षं कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं नाही?

इथं मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडं खासगी गाडी शोरूममधून निघाली की पंधरा वर्षं तिच्याकडं यंत्र म्हणून कुणीही अधिकृतपणे बघत नाही. पीयूसी होते, पण ती फक्त धुराची. चाक, जोड, ब्रेकचे पाइप, खालचा सांगाडा या सगळ्याची जबाबदारी मालकाच्या मर्जीवर. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. जर्मनीतही तसंच. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी. आपण पंधरा वर्षं काहीच बघत नाही आणि सोळाव्या वर्षी गाडीलाच गुन्हेगार धरतो, हे मला मुळातच चुकीचं वाटतं. फिटनेसच्या नियमात वर्षानुवर्षं जो तक्ता होता तो वाचला तर त्यात हेडलाइट, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टीअरिंग अशी नावं सापडतात. चाकाच्या बेअरिंगचं नाव त्यात नाही. खरं तर गाडीचं सगळं ओझं रस्त्यावर उतरतं ते या बेअरिंगमधूनच.

शर्वरीनं मामांचा मुद्दा उडवून लावला नाही. ती एक वर्ष ब्रिटनमध्ये, कोव्हेंट्रीत शिकायला होती.

शर्वरी : तिथं आम्ही चौघींनी मिळून एक जुनी गाडी घेतली होती. तेरा वर्षांची. वार्षिक तपासणीला नेली तर मागच्या बेअरिंगवर नापास. त्या माणसानं चाक उचललं, हलवलं, फिरवलं, तुम्ही आत्ता केलंत तसंच. त्यांच्या नियमावलीत बेअरिंगची स्वतंत्र नोंद आहे. खेळ जास्त असेल तर मोठा दोष, गाडी नापास. बेअरिंग फुटायच्या बेतात असेल तर धोकादायक म्हणून लिहितात, मग दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर आणायचीच नाही.

मामा : आणि पंधरा वर्षांची अट?

शर्वरी : नाही. तशी अट नाही. वीस वर्षांची गाडीसुद्धा पास झाली की चालते.

मामा : मग मला तेच पाहिजे की! तुला वाटलं मी तपासणीच्या विरोधात आहे? उद्या आरटीओनं सांगितलं, दरवर्षी चाक उचलून बघणार, तर मी पेढे वाटीन. जुनी गाडी नीट ठेवणाऱ्याला कडक तपासणीची भीती नसते. भीती कुणाला? पासिंगपुरते टायर भाड्यानं आणून लावणाऱ्याला.

शर्वरी : पण तशी तपासणी आज नाहीये. मी आजचं बोलतेय. आणि दिल्लीचं बघा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची बंदी कायम केली.

मामा : आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच कोर्टानं सांगितलं, नुसत्या वयावरनं मालकांवर कारवाई करू नका.

शर्वरी : पूर्ण सांगा ना मामा. डिसेंबरमध्ये ते संरक्षण धुराच्या बीएस-फोर निकषाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं केलं. ही बीएस-थ्री आहे. एप्रिल २०१० पासून ही गाडी पुण्यात किंवा सोलापुरात नवी विकताच येत नव्हती, कारण तिथं बीएस-फोर लागू झालं होतं. कोल्हापुरात लागू नव्हतं म्हणून बाबांना मिळाली.

मामा : हे मात्र खरं आहे. पण बघ, तुझ्याच बोलण्यात काय आलं? कोर्ट वयावरनं धुरावर आलं. धूर मोजता येतो. मोजून सांगा, मी मान खाली घालतो.

एवढं होईपर्यंत मामांच्या हातानं चाक काढलं होतं. मधली टोपी उचकटली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, खाचांचा नट सोडला आणि ड्रम पुलर लावून ओढून काढला. त्यात आतलं आणि बाहेरचं अशी दोन बेअरिंगं बसलेली असतात, मध्ये एक नळीसारखा स्पेसर. आतल्या बाजूचं ऑइल सील हाताला लागताच तुटलं. त्याची रबरी कड वाळून कडक झाली होती. सीलमधून निसटलेलं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर पसरलं होतं, लायनरचा खालचा अर्धा भाग काळा आणि चकचकीत. मामांनी काही न बोलता तो तिच्यासमोर धरला.

शर्वरी : म्हणजे या चाकाला ब्रेक जवळजवळ नव्हताच.

मामा : अर्धा होता. जोरात दाबलास तर गाडी एका बाजूला ओढली असती. पावसात काय झालं असतं ते तूच सांग, तुझं कामच ते आहे. अन् ह्याचं मूळ बेअरिंग नव्हे, ह्याचं मूळ हे दहा-वीस रुपयांचं सील. २०२१ च्या जुलैत दाजींच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा गाडी निम्म्या चाकापर्यंत बुडाली होती. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून सगळे खूश. ड्रम उघडून बघा असं मी तेव्हाच म्हटलं होतं. दाजी म्हणाले, चालतीय की.

पंचगंगेचा पूर कोल्हापूरला नवा नाही. पण पुरातून वाचलेली गाडी म्हणजे इंजिन चालू झालेली गाडी, अशीच आपली समजूत असते. गाडी चालून आलेली असली की हब गरम असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते पांढुरकं, पातळ होतं आणि छऱ्यांवरून सरकतं. मग गाडी आठ दिवस उभी राहिली की प्रत्येक छऱ्याच्या बुडाशी, जिथं तो रिंगला टेकलेला असतो तिथं, गंजाचा एकेक ठिपका धरतो. पुढं तो ठिपका खड्डा होतो. छर्रा त्यावरून दर फेरीला आपटतो आणि खड्ड्याच्या कडा तुटत जातात. आवाज ऐकू यायला महिने, कधी वर्षंही लागतात, म्हणून पुराशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मामांनी डिझेलनं धुऊन बेअरिंग उजेडात धरलं तेव्हा आतल्या रिंगवर असे ठिपके ओळीनं, सारख्या अंतरावर दिसत होते.

शर्वरी : हे आम्ही लॅबमध्ये फोटोत बघतो. प्रत्यक्ष हातात पहिल्यांदाच घेतलं. शिवाय रस्त्यातले खड्डे आहेतच, त्यांचा भार वेगळा. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा राहतं. घनाचा हिशेब आहे तो.

मामा : मला घन कळत नाही, पण गाडीत पाच माणसं आणि डिकीत गुळाच्या ढेपा घालून फिरणाऱ्यांची चाकं लवकर येतात हे माहीत आहे.

शर्वरी : बाबा एकटेच फिरतात. आणि तीच माझी काळजी आहे. मामा, बेअरिंग तुम्ही बदलाल, लायनर बदलाल. पण हिला एअरबॅग नाही, आणि ती तुम्ही बसवू शकत नाही. नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या, पाचही गाड्यांच्या मूळ मॉडेलना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यांची घडण हिच्यापेक्षा नवी होती. ही तर १९८३ मध्ये सुरू झालेल्या गाडीचीच लेक. समोरून कुणी येऊन धडकलं तर तुमचं चकचकीत बेअरिंग काय करणार?

मामा : काही करणार नाही.

ते एवढंच बोलले आणि ड्रम पुसत राहिले. हा मुद्दा खोडता येत नाही, आणि त्यांनी तो खोडायचा प्रयत्नही केला नाही. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी इथं प्रामाणिक राहायला हवं असं मला वाटतं. चांगल्या अवस्थेतली जुनी गाडी अपघात टाळायला नव्या गाडीच्या बरीच जवळ जाऊ शकते. अपघात झाल्यावर मात्र ती नवी होऊ शकत नाही. थोड्या वेळानं मामांनी दुसरीकडून सुरुवात केली.

मामा : दाजींना पेन्शन किती आहे तुला माहीत. नवी गाडी कोण घेणार? तू घेऊन देशील, पण ते घेणार नाहीत. मग गाडी गेली की ते काय चालवणार? ती जुनी स्कूटर. मला सांग, एअरबॅग नसलेली चारचाकी बरी की स्कूटर?

शर्वरी : रिक्षा आहे.

मामा : त्यांना सांग तू. माझ्या समोर सांग.

शर्वरी हसली. मग तिनं खर्चाचा हिशेब काढला. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. त्याआधी ती ६०० होती. पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००. मुदत टळली तर महिन्याला ५०० दंड. तिचं म्हणणं, एवढे पैसे कागदाला जातात आणि त्या बदल्यात गाडीच्या आत कुणी डोकावत नाही. यावर मामांचं आणि तिचं पहिल्यांदाच पूर्ण एकमत झालं. माझंही तेच मत आहे. फी ८ पट वाढवता येते, तर तपासणी दुपटीनं तरी खोल जायला हवी. ऑटोमॅटिक तपासणी केंद्रांत चाकाखालची पाटी हलवून जोडांचा खेळ बघायची यंत्रं असतात. खासगी जुन्या गाड्या तिथं नेमानं गेल्या तर मामांसारख्यांना वाद घालायची गरजच उरणार नाही.

जुनी बेअरिंगं पंच लावून ठोकून काढली, पण नवी बसवायला मामांनी हातोडा घेतला नाही. ड्रम घेऊन आम्ही गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपात गेलो, तिथं हायड्रॉलिक प्रेस आहे. उद्यमनगरात लेथ, प्रेस, फौंड्री सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. इथल्या जुन्या गाड्या इतकी वर्षं टिकतात त्यामागं हेही एक कारण आहे. मामांनी नव्या बेअरिंगवर जुन्याची बाहेरची रिंग ठेवली आणि प्रेसचा दाब तिच्यावर घेतला.

मामा : दाब ह्या बाहेरच्या रिंगवरच आला पाहिजे. आतल्या रिंगवर दाबलंस तर सगळा जोर छऱ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसायच्या आधीच डागी होतं. लोक हातोड्यानं बसवतात, महिन्यात आवाज येतो, मग कंपनीला शिव्या.

शर्वरी : आणि बॉक्समधलं बेअरिंग खरं आहे हे कशावरून?

मामा : हा प्रश्न मात्र लाखातला. डुप्लिकेट माल इतका हुबेहूब असतो की बॉक्स बघून मलाही सांगता येत नाही. म्हणून मी अधिकृत दुकानातनंच घेतो, पक्कं बिल घेतो. शंभर रुपये वाचवायला चाक पणाला लावायचं नाही.

पहिलं बेअरिंग बसलं, मध्ये स्पेसर गेला, मग दुसरं. स्पेसर विसरला तर नट आवळताना दोन्ही बेअरिंगं एकमेकांकडं दाबली जाऊन जाम होतात. मामांनी तो आत टाकताना तिला मुद्दाम दाखवला. ग्रीस छऱ्यांमध्ये बोटानं दाबून भरलं, पण मधली पोकळी गच्च भरली नाही. जास्त ग्रीस फिरताना घुसळून तापतं आणि नवं सील ढकलून पुन्हा लायनरवर येतं. नवं सील, दोन्ही मागच्या चाकांना नवे लायनर, नट टॉर्क रेंचनं, स्प्लिट पिन नवी. एका चाकाचेच लायनर बदलले तर दोन बाजूंचा ब्रेक सारखा लागत नाही, म्हणून दोन्ही.

शर्वरी : उजवं बेअरिंग बदलायचं नाही?

मामा : उघडून बघितलं. सील धड आहे, ग्रीस स्वच्छ आहे, रिंगला डाग नाही. चांगलं आहे ते कशाला काढायचं? धुऊन ग्रीस भरलं, सील तेवढं नवं घातलं.

शर्वरी : २०२१ मध्ये तेही त्याच पाण्यात होतं.

मामा : होतं. गाडी उताराला उभी होती, डावं अंग खाली. म्हणून उघडून बघायचं. अंदाजानं बदलायचं नाही आणि अंदाजानं सोडायचंही नाही.

गाडी रंकाळ्याकडं एक फेरी मारून आली. साठला आवाज नव्हता. शर्वरी परत आली ती मात्र दुसराच मुद्दा घेऊन.

शर्वरी : ठीक आहे. रिपासिंग करा. पण माझ्या दोन अटी आहेत. ही गाडी हायवेला जाणार नाही. पुण्याला यायचं तर बाबांनी एसटीनं यायचं. हे तुम्ही त्यांना सांगायचं, मी नाही.

मामा : सांगतो. दुसरी?

शर्वरी : २०३१ ला हिला वीस वर्षं होतील. मग फी १०,००० आहे. तोपर्यंत सरकार काही हिच्याकडं बघणार नाही. तुम्ही बघायचं. दर वर्षी पावसाळा संपला की चारही चाकं वर, खेळ, आवाज, सील, लायनर, खालचा पत्रा. कागदावर लिहून, खाली सही करून मला पाठवायचं. एक वर्षी जरी पत्रा सडलेला लिहावा लागला, तर मी स्क्रॅपवाल्याला फोन करणार आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही.

मामा : तो कागद आरटीओत चालायचा नाही गं.

शर्वरी : मला चालतो. पण लिहिताना दाजी म्हणून लिहायचं नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहायचं.

मामा : मग पहिला आत्ताच घे. पुढच्या उजव्या चाकाचा टाय रॉडचा एंड खेळतोय, चाक डावी-उजवीकडं हलवल्यावर कळलं. पासिंगला चालेल. मी चालू देणार नाही. गाडी उद्या संध्याकाळी मिळेल.